मारुती ८०० गिअरबॉक्स: उजव्या ॲक्सलचं ऑइल सील दोनदा बदललं, तरी गळतंय

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. जरा सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट माहितीवर कोणी नीट सांगू शकणार नाही.

गाडी २००४ची मारुती ८००. बाबांनी नवी घेतलेली, म्हणून विकायचा विषय घरात निघत नाही. २२ जुलै २०२१च्या पुरात ती दारातच उभी होती आणि पाणी पार सीटच्या वर गेलं होतं. इंजिनचं काम तेव्हाच करून घेतलं. गिअरबॉक्सचं तेल काढलं तर दूध जास्त झालेल्या चहासारखं बाहेर आलं. दोन वेळा नवीन तेल भरून, थोडं फिरवून काढून टाकलं. गाडी चालू लागली आणि आम्ही तो विषय तिथेच सोडला.

मागच्या वर्षापासून कुंभार्ली घाट चढताना तिसऱ्या गिअरला घुमल्यासारखा आवाज यायला लागला. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मावसभावाने गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलला. बेअरिंगांच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके होते. सगळी बेअरिंगं, सिंक्रोनायझर रिंगा आणि सगळी ऑइल सीलं (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) नवी टाकली: इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून ताकद आत आणणारा दांडा), दोन्ही ॲक्सलची (चाकं फिरवणारे दांडे), गिअर शिफ्ट शाफ्टचं. आवाज पूर्ण गेला. गिअर असे पडतात की बाबा दोन वेळा म्हणाले, ही आपलीच गाडी ना.

पण उजव्या ॲक्सलचं सील गळतंय. डावं कोरडं ठणठणीत.

पहिल्यांदा: तिसऱ्या दिवशी सकाळी उभ्या गाडीखाली ताटलीएवढा तेलाचा डाग. ॲक्सल काढला तेव्हा दिसलं की आतल्या जॉइंटच्या वाटीचा जो गुळगुळीत भाग सीलमध्ये फिरतो, तिथे खसखशीच्या दाण्याएवढे गंजाचे खड्डे आहेत. वाटी सुटी करून खेर्डीतल्या एका लेथवाल्याकडे नेली. त्याने लेथला धरून एमरी पेपर मारून आरशासारखी चकचकीत करून दिली. नवीन सील बसवलं.

दुसऱ्यांदा: आता रात्रभर गाडी उभी राहिली तर खाली एक थेंब नाही. पण कराडला जाऊन आलो की उजव्या चाकाची आतली बाजू आणि खालचा आर्म तेलाने माखलेला. तीनशे किलोमीटरनंतर लेव्हल बघितली तर पाव लिटरच्या आसपास तेल कमी.

सील बसवायची माझी पद्धत: जुनं स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढलं. जागा पेट्रोलच्या फडक्याने पुसली. सीलच्या बाहेरच्या कडेला सिलिकॉन लावलं. वर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने गोल गोल ठोकत आत घातलं, तळाला टेकेपर्यंत. लिपला (सीलची शाफ्टला टेकणारी रबरी कड) काही लावलं नाही, ग्रीसला धूळ चिकटेल म्हणून. मग ॲक्सल दाबला, आत सर्कलिप (ॲक्सल अडकवून ठेवणारी तारेची कडी) टक्क करून बसली.

आता प्रश्न असे. सील बनावट आहे का? चिपळुणातच एका दुकानातून सुटं घेतलं होतं, खिळ्याला अडकवलेल्या जुडग्यातून काढून दिलं. की माझंच काही चुकतंय? आणि खरी भीती ही, की इनपुट शाफ्टचं सीलही मी असंच बसवलंय. गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल का?

---

घाटवाट

पुरातली गाडी आहे म्हणून आधी ब्रीदर बघा. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला लहानशी टोपी असते, तिच्यात चिखल वाळून बसला असेल तर तेल तापल्यावर आतली हवा बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ती चांगल्या सीलमधूनसुद्धा तेल ढकलते. माझ्या ओम्नीत कुंभारमाशीने घर केलं होतं, त्यामुळे असंच झालेलं.

दुसरं, तेल भरताना गाडी सपाट जागेवर होती का? लेव्हलच्या भोकातून तेल वाहायला लागलं की थांबायचं, जास्त नको.

तिसरं, गळती नेमकी कुठून हे डोळ्याने बघा. तो सगळा भाग डिझेलने धुऊन, सुकवून, अंगाला लावायची टाल्कम पावडर मारा. पाच किलोमीटर फिरवून आणा. तेलाची वाट पावडरीवर ओली रेघ म्हणून दिसते. गिअरबॉक्सच्या केसच्या (बाहेरच्या कवचाच्या) जोडातून येणारं तेल खाली ओघळून सीलवर जमतं आणि आपण उगाच सीलला दोष देतो.

---

उद्यमनगर_फिटर

चिपळूणकर, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. पहिल्यांदा उभ्या गाडीखाली डाग पडला. दुसऱ्यांदा उभी गाडी कोरडी, चालवली की ओली. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोघांचं कारण सीलमध्ये नाही. बनावट सील असेलही, बाजारात ते भरपूर आहे, पण अस्सल टाकलं असतं तरी तुमच्याकडे ते गळलंच असतं.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात एकतीस वर्षं गिअरबॉक्स करतोय. परत आलेल्या कामांत सील सदोष निघालं असं फार थोड्या वेळा झालं. बाकी वेळा शाफ्ट, बसवणाऱ्याचा हात नाहीतर बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा.

पहिलं दुखणं आधी. ॲक्सलच्या सीलच्या खालच्या कडेपर्यंत तेल उभ्या गाडीतही पोचलेलं असतं. लिपला एक चीर पडली तरी तिथून रात्रभर झिरपत राहणार. चीर कशाने पडते? वाटीच्या टोकाला जे स्प्लाइनचे (गिअरबॉक्समध्ये अडकणाऱ्या लांबट खाचांचे) दात आहेत ते करवतीसारखे असतात. सील आधी बसलेलं, लिप कोरडी, आणि तुम्ही गाडीखाली झोपून ॲक्सलचं सगळं वजन लिपवर टेकवत तो आत ढकलला. दाताने लिप कापली. काढलेलं पहिलं सील टाकलं नसेल तर उन्हात धरून लिप बोटाने जराशी ताणून गोल फिरवा. नखाच्या कोरीएवढी चीर सापडेल. लिपच्या मागे बारीक स्प्रिंगचं कडं असतं, ते खोबणीत आहे का तेही बघा. लाकडावर हातोडी मारत एका कडेने बसवताना ते कडं उडी मारून बाहेर येतं आणि आत तेलात पडतं. स्प्रिंग नसलेलं सील म्हणजे नाडी नसलेली चड्डी, शाफ्टला धरणार कशाने?

आता दुसरं, जे आज गळतंय. तुमच्या लेथवाल्याने वाटी चकचकीत केली म्हणता. एमरी हातात धरून तो डावीकडून उजवीकडे सरकवत गेला का? बहुतेक सगळे तसंच करतात, मीही पहिली काही वर्षं केलं. शाफ्ट फिरतोय आणि पेपर सरकतोय, म्हणजे त्यावर फार बारीक आटे पडतात. डोळ्याला चकाकी दिसते, लिपला आटे लागतात. आता तो शाफ्ट सीलमध्ये फिरायला लागला की स्क्रूसारखं काम करतो. आट्यांची दिशा एका बाजूची असेल तर तेल आत ओढेल, दुसऱ्या बाजूची असेल तर बाहेर काढेल. उभ्या गाडीत स्क्रू फिरत नाही म्हणून थेंब नाही. रिव्हर्समध्ये तो तेल आतच घेणार, पण रिव्हर्समध्ये कराडला कोणी जात नाही.

खात्री करायची असेल तर दोऱ्याची परीक्षा आहे, ती करा. वाटी लेथच्या चकमध्ये नीट सरळ धरा. पुसून त्यावर पातळ तेलाचा नुसता ओलावा द्या. शिवणकामाचा साधा सुती दोरा घ्या, मेण लावलेला नको. एक टोक शाफ्टच्या बाजूला कुठेतरी पक्कं धरा, दोरा शाफ्टवरून अर्ध्याच्या वर वेढा देऊन खाली सोडा आणि दुसऱ्या टोकाला लहान नट बांधा, तीस ग्रॅमच्या आसपास. लेथ हळू चालवा, मिनिटाला साठ फेरे. दोरा जागेवर थांबला तर शाफ्ट चांगला. दोरा सरकायला लागला, आणि लेथ उलटा फिरवल्यावर उलट्या बाजूला सरकला, तर आटे आहेत. दोन्ही वेळा एकाच बाजूला गेला तर शाफ्ट निमुळता आहे किंवा चकमध्ये तिरका धरलाय. गाडी पुढे जाताना उजवं चाक बाहेरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं, त्याच दिशेने वाटी फिरवा आणि दोरा चाकाकडे जातो की गिअरबॉक्सकडे ते बघा.

आटे घालवायचे असतील तर सीलच्या जागेपेक्षा रुंद अशी चारशे नंबरच्या पेपरची पट्टी तेल लावून शाफ्टभोवती काटकोनात धरायची आणि हात अजिबात बाजूला सरकू द्यायचा नाही. पट्टी एका जागी, शाफ्ट फिरतोय. परत दोरा लावायचा. दोरा थांबेपर्यंत हेच. आणि आरसा करू नका. फार गुळगुळीत शाफ्टवर तेलाचा पडदा टिकत नाही, लिप कोरडी घासून जळते.

गंजाचे खड्डे मात्र याने जाणार नाहीत. डोळे मिटून अंगठ्याचं नख शाफ्टवरून आडवं फिरवा. लिपच्या जागी नख अडकलं तर तिथे लिप बसवण्यात अर्थ नाही. मग दोन वाटा. एक, केसमध्ये सीलला मागेपुढे जागा असेल तर नवीन सील एखादा मिलिमीटर बाहेर बसवायचं म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येते. दुसरी, शाफ्टवर चढवायची पातळ स्टीलची नळी मिळते, एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह, साधारण पाव मिलिमीटर जाडीची. त्यावर तेच मूळ मापाचं सील चालतं. शाफ्टचा व्यास व्हर्नियरने (सरकत्या मापपट्टीने) नव्हे, मायक्रोमीटरने मोजून मागवा.

बसवायची माझी पद्धत लिहितो, इथे घाई करू नका.

जुनं सील काढायच्या आधीच व्हर्नियरच्या शेपटीने ते केसच्या कडेपासून किती आत आहे ते चार ठिकाणी मोजून भिंतीवर लिहून ठेवायचं. काढताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक ॲल्युमिनियमच्या भोकाला लागू द्यायचं नाही. तिथे उभा ओरखडा पडला तर तेल लिपमधून न येता सीलच्या बाहेरून येतं आणि माणूस वर्षभर सीलं बदलत बसतो. करंगळी भोकातून फिरवून बघा. काही लागलं तर बारीक पेपरने गोल दिशेने साफ करा.

लाकडाचा तुकडा नको. सीलला फक्त बाहेरच्या कडेवर, चारी बाजूंनी एकाच वेळी दाब मिळाला पाहिजे. माझ्याकडे पत्र्याचा डबा आहे, त्यात वेगवेगळ्या मापाचे लेथवर काढलेले नायलॉनचे ठोकळे आहेत, काही माझ्या गुरूंच्या हातचे. तुमच्याकडे जुनी बेअरिंगं आहेतच आता. सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान अशी बाहेरची रिंग निवडा, ती उत्तम काम देते. नाहीतर जाड पाइपचा तुकडा, पण त्याचं तोंड लेथवर सरळ केलेलं पाहिजे.

सील हाताने टेकवा, सरळ बसलंय का बाजूने डोळा लावून बघा. हातोडीचे हलके घाव मध्यभागी. प्रत्येक दोन घावांनंतर मोजा. सील जात असतं तेव्हा आवाज पोकळ आणि मऊ येतो, तळाला टेकलं की एकदम भरीव टणक येतो. तो आवाज आला की हात थांबला पाहिजे. त्यानंतरचा एक घाव सीलचं पत्र्याचं कडं वाकवतो. जिथे टेकायला तळ नाही तिथे भिंतीवर लिहिलेला आकडा पाळायचा.

लिपला ग्रीस लावायचंच. स्प्रिंगच्या खोबणीत जरा जास्त, म्हणजे ठोकताना स्प्रिंग ग्रीसमध्ये रुतून राहते. बाहेर जी धुळीची दुसरी लिप असते ती आणि मुख्य लिप यांच्या मधली जागाही ग्रीसने अर्धी भरा. कोरडी लिप पहिल्या काही फेऱ्यांतच जळते, तेल तिथे पोचायच्या आत.

आणि ॲक्सल घालताना दुधाची पिशवी. धुऊन कापून तिचा सपाट तुकडा करायचा, तेल लावून नळीसारखा गुंडाळून सीलमध्ये घालायचा आणि त्यातून स्प्लाइन आत न्यायची. दात लिपला लागतच नाहीत. ॲक्सल दोन बोटं बाहेर असतानाच पिशवी ओढून काढायची. चिकटपट्टी गुंडाळू नका, तिचा तुकडा आत राहिला तर तेलाच्या वाटा बंद करतो. ॲक्सल दुसऱ्या माणसाला खालून उचलून धरायला सांगा. मावसभाऊ आहे ना, त्याचं हे काम.

नवीन सील घालण्याआधी एक करा. ॲक्सल बसलेला असताना आतली वाटी हाताने वर-खाली हलवून प्ले किती तो बघा आणि डाव्या बाजूशी ताडून बघा. डिफरन्शियलच्या (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) बेअरिंगमध्ये प्ले असेल तर शाफ्ट लिपला एका बाजूने दाबतो, दुसरीकडे फट सोडतो. ती फट कुठलंच सील भरून काढत नाही.

इनपुट सीलबद्दल: क्लच घसरत नसेल तर आज गिअरबॉक्स उतरवू नका. क्लचच्या घंटेच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या) तळाशी बोट फिरवा. तेल लागलं तर वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला तसा नसतो. गंधकाचा वास आला तर उतरवायला पर्याय नाही, कारण क्लच प्लेट एकदा तेल प्यायली की ती वाया गेली.

---

अंबडकर

मी नाशिकला रबराचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. फिटर काकांनी लिहिलंय त्यातलं एकही वाक्य खोडण्यासारखं नाही. माझ्या टेबलावरून रोज सीलं जातात म्हणून थोडी भर घालते.

सीलची बाजू का पाळायची ते. लिप सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर ती दोन उतारांची टोकेरी कड असते. तेलाच्या बाजूचा उतार उभा, हवेच्या बाजूचा सपाट. शाफ्ट फिरताना ही कड हवेच्या बाजूकडून तेलाच्या बाजूकडे तेल ढकलत राहते. म्हणजे चांगलं सील बुचासारखं नुसतं अडवत नाही, ते सतत तेल आत परत पाठवत असतं. उलटं बसवलं तर हेच काम उलटं होतं, तेल बाहेर फेकलं जातं. म्हणून स्प्रिंगची बाजू नेहमी तेलाकडे. लिपची शाफ्टला टेकणारी पट्टी मिलिमीटरच्या फार तर तीन-दशांशाएवढी असते. त्यामुळे खसखशीएवढा खड्डा तिच्यासाठी विहीर आहे.

दादा, एक गोष्ट नक्की बघा. काही सीलांवर हवेच्या बाजूला लिपजवळ तिरप्या बारीक रेघा उठवलेल्या असतात आणि पुढच्या कडेवर बाण असतो. त्या रेघा तेल आत ढकलायला मदत करतात, पण फक्त एकाच दिशेच्या फिरण्याला. अशा गाड्यांत डाव्या आणि उजव्या ॲक्सलचं सील वेगळं असतं, माप मात्र हुबेहूब तेच. दुकानदार माप बघून देतो. तुमच्या सीलवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेशी जुळतो का ते पाहा.

खिळ्याला अडकवलेलं सील घेऊ नका. ते अस्सल असलं तरी नको. महिनोन्महिने एका बिंदूवर लटकून लिप त्या जागी ओढली जाते आणि गोल राहत नाही. सील आडवं, पाकिटात, उन्हापासून लांब ठेवलेलं असावं. दुकानात हातात घेऊन लिप बोटाने दाबून सोडा, लगेच जागेवर आली पाहिजे.

सिलिकॉनचं सांगते. बाहेरून रबर असलेल्या सीलला काहीच लावायची गरज नाही, रबरच भोकाच्या बारीक उंचसखलपणात बसतं. वर सिलिकॉन लावलं तर ते ओलं असेपर्यंत सील त्यावर घसरतं, तिरकं होतं, कधी मागे येतं. आणि आत दाबला गेलेला गोळा लिपखाली गेला तर नवीन सील तिथेच संपलं. बाहेरून नुसता पत्रा असेल तर न कडक होणारा सीलंट अगदी पातळ, तोही भोकाच्या कडेला.

अजून एक. बरेच मिस्त्री सील रात्रभर गरम तेलात भिजवतात. ही सवय चामड्याच्या सीलांच्या काळची असावी. फिरत्या शाफ्टची सीलं आधी चामड्याचीच होती. जर्मनीत वाइनहाइमच्या फ्रॉयडेनबर्ग या चामडं कमावणाऱ्या कंपनीने ती बनवायला सुरुवात केली, वाल्टर झिमर या अभियंत्याच्या नावावरून त्यांना आजही झिमरिंग म्हणतात. चामडं भिजवावं लागायचं. रबराला ती गरज नाही, लिपला ग्रीसचं बोट पुरतं.

साध्या काळ्या नायट्राइल रबराचं सील साधारण १०० अंश सेल्सियसपर्यंत काम करतं. तुमच्या ८००च्या ॲक्सलला ते पुरेसं आहे. दुकानदार महागडं व्हायटॉन रबराचं देऊ लागला तर आग्रह धरू नका, पैसे त्या स्लीव्हला ठेवा.

---

वाशिष्ठीकाठ

काका, ताई, घाटवाट, तिघांचेही मनापासून आभार. रविवारी दिवसभर हेच केलं, क्रमाने लिहितो.

ब्रीदर मोकळा होता, फुंकर मारून बघितली. पावडर मारून फिरवलं, ओली रेघ सरळ सीलच्या लिपजवळून निघालेली. केसचा जोड कोरडा.

पहिलं काढलेलं सील डब्यात होतं. उन्हात धरलं आणि चीर सापडली. एक नव्हे, दोन, शेजारी शेजारी, मधलं अंतर बरोबर स्प्लाइनच्या दोन दातांएवढं. बराच वेळ ते हातात धरून बसलो होतो. स्प्रिंग जागेवर होती, नाहीतर आत पडली असती या विचाराने रात्रभर झोप लागली नसती.

दुसऱ्या सीलच्या तोंडावर बाण आहे. दिशा बरोबर निघाली.

मग वाटी घेऊन त्याच लेथवाल्याकडे गेलो. त्यांना दोऱ्याची परीक्षा सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वतःच दोरा आणायला मुलाला घरी पाठवलं. नट बांधला, लेथ हळू लावला. आधी वाटलं काही होत नाहीये. मग दिसलं, दोरा सरकतोय, मुंगीच्या चालीने, चाकाच्या बाजूकडे. अर्ध्या मिनिटात दोन-तीन मिलिमीटर. लेथ उलटा केला, दोरा परत गिअरबॉक्सच्या बाजूला यायला लागला. ते म्हणाले, वीस वर्षं असंच पॉलिश करतोय, मला हे कोणी दाखवलं नव्हतं. मग त्यांनीच पट्टी स्थिर धरून परत केलं. तिसऱ्या खेपेला दोरा जागेवर थांबला तो थांबलाच. पैसे घेतले नाहीत.

नख फिरवलं. दोन खड्डे अजून लागतात. स्लीव्ह चिपळुणात मिळाली नाही. केसमध्ये मोजलं तर सीलच्या बाहेरच्या बाजूला जागा आहे. काका, सील दीड मिलिमीटर बाहेर बसवलं तर लिप खड्ड्यांच्या पट्ट्यातून पूर्ण बाहेर पडते. एवढं चालेल का?

---

उद्यमनगर_फिटर

दोन गोष्टी तपासल्यात तर चालेल. एक, दीड मिलिमीटर बाहेर आल्यावर सीलची बाहेरची कड केसच्या भोकात पूर्ण राहिली पाहिजे, तोंडाच्या उतारावर येता कामा नये. दुसरी, ॲक्सल पूर्ण आत बसल्यावर वाटीची रुंद बाजू सीलच्या धुळीच्या लिपला घासते का. सीलच्या तोंडाला थोडं निळं (खूण उमटवायचा रंग) किंवा ओला चुना लावा, ॲक्सल घालून काढा, वाटीवर खूण उमटली तर एक मिलिमीटरवर या.

जिथे टेकायला तळ नाही तिथे सील सरळ राहणं जास्त अवघड. चार ठिकाणी मोजा, फरक पाव मिलिमीटरच्या आत पाहिजे. स्लीव्ह मागवून ठेवा. पुढच्या खेपेला लागेल.

आणि त्या लेथवाल्यांना माझा नमस्कार सांगा.

---

वाशिष्ठीकाठ

बसवलं. चुना लावून बघितला, खूण नाही. आधीच्या जागेपेक्षा किती मिलिमीटर बाहेर, त्याची चार मापं आली: १.४, १.५, १.५, १.६. जुन्या बेअरिंगच्या रिंगने ठोकलं. आवाज बदलायचा प्रश्नच नव्हता कारण तळ नव्हता, म्हणून प्रत्येक घावाला मोजलं, पाऊण तास लागला. दुधाची पिशवी आईने धुऊन दिली. मावसभावाने ॲक्सल खालून धरला, मी घातला, दोन बोटं राहिल्यावर पिशवी ओढली. पिशवीवर दातांचे ओरखडे होते, एका जागी आरपार. ते लिपवर आले असते.

क्लचच्या घंटेखाली बोट फिरवलं, कोरडं. हजार किलोमीटरला परत बघेन.

आतापर्यंत गावातल्या गावात ४० किलोमीटर झाले, पावडर पांढरी आहे. शनिवारी बाबांना डोळे दाखवायला कराडला न्यायचंय. घाट उतरून आल्यावर गाडीखाली जाऊन बघतो आणि लिहितो.